बालपणीची पुस्तके : एकट्याची नव्हे, गावाची ठेव

(वाचन प्रेरणा दिनानिमित्त शिक्षक, ग्रंथपाल आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर वाचलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वाचन ही एकांतात करावयाची गोष्ट आहे, असा आज सर्वसाधारण समज आहे. एक माणूस, एक पुस्तक आणि भोवती शांतता असे चित्र वाचनाचा विषय निघताच डोळ्यांसमोर उभे राहते. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ग्रंथ प्रथम आला तो डोळ्यांनी वाचण्यासाठी नव्हे, तर कानांनी ऐकण्यासाठी. चातुर्मासात देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या घराच्या सोप्यावर चौरंग मांडला जाई, रेशमी वा सुती फडक्यात बांधलेली पोथी सोडली जाई, एकजण ओवी वाची, दुसरा तिचा अर्थ सांगे आणि दिवसभराचे काम उरकून आलेली मंडळी ती ऐकत. अठराव्या शतकाच्या प्रारंभी श्रीधरांनी रचलेले ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ ज्या लक्षावधी लोकांना माहीत झाले, त्यांतील फारच थोड्यांना अक्षरओळख होती. तरीही त्या ग्रंथांतील पात्रे, प्रसंग आणि शब्दकळा त्यांच्या बोलण्यात उतरली. ग्रंथ एकाच्या हाती होता. परंतु तो सर्वांच्या मालकीचा होता.

आजच्या चर्चेचा विषय आवडत्या अभिजात पुस्तकांची आणि बालपणी वाचलेल्या पुस्तकांची देवाणघेवाण हा आहे. त्याचा विचार करताना या जुन्या परंपरेपासून आरंभ करणे उचित ठरेल. कारण आपल्याला आवडलेले पुस्तक दुसऱ्यास सांगणे, त्यातील चार पाने वाचून दाखविणे आणि मग ते त्याच्या हाती देणे, ही काही नव्याने शिकावयाची कला नाही. ती गावाच्या अंगवळणी पडलेलीच होती. ती केवळ धार्मिक ग्रंथांपुरती मर्यादित राहिली आणि छापील पुस्तकांचा, विशेषतः मुलांच्या पुस्तकांचा काळ आला तेव्हा मागे पडली, एवढेच.

मुलांच्या मराठी पुस्तकांची वाटचाल

मराठीत मुलांसाठी छापील पुस्तक पहिल्याने तयार झाले ते महाराष्ट्राबाहेर, ही गोष्ट अनेकांस आश्चर्याची वाटेल. तंजावरच्या भोसले घराण्यातील सरफोजी राजे हे विद्येचे मोठे आश्रयदाते होते. त्यांच्या आश्रयाने १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने छापला गेला. पुढे बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या प्रयत्नाने वैजनाथशास्त्री यांनी सिद्ध केलेली ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ मध्ये आणि ‘हितोपदेश’ १८१५ मध्ये निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी अरबी भाषेतील सुरस कथा मराठीत आणण्यास प्रारंभ केला आणि ते काम त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी तडीस नेले. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ हे मासिक मुलांसाठी सुरू केले. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ मासिक काढले. पाठ्यपुस्तक मंडळाने नोव्हेंबर १९७१ पासून ‘किशोर’ मासिकाचे प्रकाशन आरंभिले. या मासिकाचे जुने अंक मंडळाने संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत.

या वाटचालीतून एक गोष्ट स्पष्ट होते. इसाप ग्रीसचा, पंचतंत्र आणि हितोपदेश संस्कृतातील, सुरस कथा अरबीतील. तरीही त्या सर्वांना मराठी मुलांनी आपले मानले. चांगली गोष्ट कोणत्या देशाची आहे हे मूल विचारीत नाही. ती कोणी सांगितली आणि कशी सांगितली, एवढेच ते पाहते.

सांगितल्या गेलेल्या गोष्टींचे पुस्तक

महाराष्ट्रात बालपणीच्या आवडत्या पुस्तकाचा प्रश्न विचारला असता ज्या पुस्तकाचे नाव हमखास निघते, ते साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. नाशिकच्या तुरुंगात असताना फेब्रुवारी १९३३ मध्ये गुरुजींनी या पुस्तकाचा फार मोठा भाग अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटास १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, तो या पुरस्काराचा पहिलाच मानकरी होता.

परंतु या पुस्तकाच्या लोकप्रियतेपेक्षाही त्याची रचना आजच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. पुस्तकातील प्रकरणांना ‘प्रकरण’ असे म्हटलेले नाही. त्यांना ‘रात्र’ म्हटले आहे. आश्रमातील प्रार्थना आटोपल्यावर श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी एकेका रात्री सांगतो आणि ऐकणारे दुसऱ्या दिवसाची वाट पाहतात. म्हणजे हे पुस्तक मुळातच सामुदायिक श्रवणाच्या घाटाचे आहे. ते एका बैठकीत संपविण्यासाठी नसून दररोज थोडे थोडे, चार जणांत बसून ऐकण्यासाठी आहे. शाळेत परिपाठाच्या वेळी किंवा गावच्या वाचनालयात सायंकाळी रोज एक ‘रात्र’ वाचली, तर दोन महिन्यांच्या आत संपूर्ण पुस्तक पुरे होऊ शकते.

या पुस्तकात ‘पत्रावळ’ नावाचे प्रकरण आहे. श्यामला पत्रावळ लावता येत नाही, यावरून तो प्रसंग घडतो. आजच्या अनेक मुलांनी पत्रावळ पाहिलेली असली तरी ती पानांना काडीचे टाके घालून कशी लावतात हे त्यांना ठाऊक नसते. अशा वेळी शब्दकोशातील अर्थ सांगून भागत नाही. गावातील एखादी आजी वर्गात येऊन चार पाने जोडून दाखवू शकते. तिला कदाचित त्या पुस्तकातील एक अक्षरही वाचता येणार नाही; पण त्या दिवशी त्या पुस्तकाची खरी भाष्यकार तीच ठरेल. पुस्तकाची देवाणघेवाण ही केवळ साक्षरांची मिरासदारी नव्हे, हे यातून दिसून येते.

हसविणारी आणि धावणारी पुस्तके

बालसाहित्य म्हणजे केवळ डोळ्यांत पाणी आणणारे साहित्य, असा ग्रह होऊ देता कामा नये. ना. धों. ताम्हनकर यांच्या ‘गोट्या’ आणि ‘चिंगी’ यांनी मराठी मुलांना मनमोकळे हसावयास शिकविले. ‘गोट्या’वरील मालिका पुढे १९९० मध्ये दूरदर्शनवर आली आणि पुस्तक न वाचलेल्या घरांतही तो परिचयाचा झाला. भा. रा. भागवत यांनी ‘बालमित्र’ हे मासिक चालविले, जूल व्हर्न यांच्या विज्ञानकथा मराठीत आणल्या आणि ‘फास्टर फेणे’ हा चिरतरुण नायक निर्माण केला. पुण्याजवळच्या फुरसुंगीहून शिकावयास आलेला हा किडकिडीत मुलगा राजवाड्यातील नाही की जादूच्या देशातील नाही. सायकल, कुतूहल आणि धाडस एवढेच त्याचे भांडवल. खेड्यातून शहरात शिकावयास जाणाऱ्या मुलाला अशा नायकात स्वतःचे रूप दिसले, यात नवल नाही. १९८७ मध्ये दूरदर्शनवर आणि २०१७ मध्ये चित्रपटरूपाने तो पुन्हा भेटीस आला.

पडद्यावर गोष्ट आली की पुस्तक मरते, असा आक्षेप वरचेवर घेतला जातो. तो सर्वस्वी खरा नाही. मालिका किंवा चित्रपट पाहिल्यानंतर मुलांच्या हाती मूळ पुस्तक देण्याची संधी असते. ती संधी साधण्यासाठी पुस्तक त्या वेळी हाताशी असावे लागते, ही मात्र खरी अडचण आहे.

तीन पथ्ये

आपल्या आवडीचे पुस्तक दुसऱ्यास सांगताना तीन पथ्ये पाळणे आवश्यक आहे.

पहिले पथ्य असे की, आपल्या बालपणाच्या आठवणीला पुस्तकाचा गुण समजू नये. ज्येष्ठ मंडळींना एखादे पुस्तक प्रिय असते, याचे कारण पुष्कळदा त्या पुस्तकात नसून ते वाचले त्या उन्हाळ्याच्या सुटीत, त्या माळ्यावर आणि त्या वयात असते. ती सुटी आणि ते वय पुस्तकासोबत दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून ‘आमच्या वेळी असे वाचन होते, आताची मुले वाचीत नाहीत’ या तक्रारीने कोणतेही मूल पुस्तकाकडे वळलेले नाही. त्याऐवजी पुस्तकातील एक रंगलेले पान वाचून दाखवावे आणि पुढे काय झाले हे न सांगता थांबावे. उरलेले काम पुस्तक स्वतः करते.

दुसरे पथ्य तात्पर्याविषयीचे. इसापच्या गोष्टींपासून मुलांच्या पुस्तकाला तात्पर्याची शेपटी जोडण्याची सवय आपल्याला लागली आहे. गोष्ट संपताच ‘यावरून तुम्ही काय शिकलात?’ असा प्रश्न आला की मुलाच्या दृष्टीने गोष्टीचे रूपांतर धड्यात होते. आणि धडा म्हटला की परीक्षा आली. चांगल्या गोष्टीतील शिकवण बीजासारखी असते. ती पेरल्यावर दररोज उकरून पाहावयाची नसते.

तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘बालपणी वाचलेली पुस्तके’ हे शब्द उच्चारताना ज्यांच्या बालपणात पुस्तकच नव्हते, अशा फार मोठ्या समाजाचा विसर पडू नये.

ज्यांच्या बालपणी पुस्तक नव्हते

पुस्तकांनी भरलेले कपाट आणि ते वाचून दाखविणारे आईवडील हे भाग्य महाराष्ट्रात मोजक्या घरांच्या वाट्यास आले. लक्ष्मण माने यांच्या १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘उपरा’ या आत्मकथनात गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी समाजातील मुलाला शाळेची पायरी चढण्यासाठी काय सोसावे लागले, याचे चित्रण आहे. त्या पुस्तकास १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्याच्या बालपणात पुस्तक नव्हते, त्याच्या बालपणाचेच एक अभिजात पुस्तक झाले, ही मराठी साहित्यातील लक्षणीय घटना होय. त्याहीपूर्वी, १८५५ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. शाळकरी मुलीने लिहिलेले ते लेखन आजही वाचणाऱ्यास अंतर्मुख करते. मुलांसाठी लिहिलेले साहित्य जसे अभिजात असते, तसेच मुलाने लिहिलेले साहित्यही अभिजात असू शकते, याचे हे उदाहरण आहे.

ज्यांच्या घरी ग्रंथ नव्हते त्यांच्या घरी वाङ्मय नव्हते, असे मात्र नाही. जात्यावरच्या ओव्या, पाळणे, उखाणे, भुलाबाईची गाणी, कहाण्या, वासुदेवाची आणि पोतराजाची गीते, वारली, गोंड, भिल्ल, कोरकू या समाजांच्या मौखिक कथा, हे सर्व बालपणीचेच साहित्य होय. म्हणून वाचकांच्या बैठकीत एकाने पुस्तक आणावे आणि दुसऱ्याने आजीकडून ऐकलेली कथा आणावी. दोघांचा मान सारखाच असावा. ज्या मुलाची घरची बोली पुस्तकाच्या भाषेहून वेगळी आहे, त्याच्या बोलीतील एक गोष्ट वर्गात सांगितली गेली, की पुस्तकाच्या भाषेचे भय निम्मे कमी होते. नंतर तीच गोष्ट मुलांनी वहीत उतरवून काढली, तर त्या शाळेच्या ग्रंथालयात जगात अन्यत्र कोठेही नसलेले एक पुस्तक जमा होते.

कपाटाची किल्ली

साधनांचा विचार करता परिस्थिती अगदीच निराशाजनक नाही. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालयांचा कायदा केला होता. महाराष्ट्र राज्याने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा अधिनियम संमत केला आणि त्यानुसार शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान मिळते. बालकांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वृत्तपत्रे व नियतकालिके असावीत आणि सर्व विषयांच्या पुस्तकांबरोबर कथापुस्तकेही असावीत, असे परिशिष्टात नमूद केले आहे. कथापुस्तकांचा हा स्पष्ट उल्लेख शिक्षकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

तथापि, पुस्तक शाळेत असणे आणि ते मुलाच्या हातात असणे या दोहोंमध्ये एका कपाटाचे अंतर असते. पुष्कळ ठिकाणी पुस्तके दाखलनोंद वहीत आहेत, कपाटात आहेत आणि कपाटाला कुलूप आहे. याचे मूळ आळसात नसून धास्तीत असते. पुस्तक फाटले किंवा हरवले तर जाब कोणी द्यावयाचा, ही ती धास्ती. तपासणीच्या दिवशी सर्व पुस्तके कोरी आणि क्रमवार दिसली म्हणजे काम चोख झाले, अशी समजूत त्यातून रूढ होते. वस्तुतः दहा वर्षांनंतरही कोऱ्या राहिलेल्या पुस्तकावर झालेला खर्च हाच खरा वाया गेलेला खर्च होय. कडा मळलेले, पाठ पुन्हा शिवलेले, खाकी वेष्टन दोनदा बदललेले पुस्तक हे जपणुकीच्या अभावाचे नव्हे, तर वापराचे प्रमाणपत्र मानले पाहिजे. तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी कपाटाऐवजी देवघेव नोंदवही प्रथम पाहण्याची प्रथा पाडली, तर बहुतेक कुलुपे आपोआप निघतील.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच सिद्धांत मांडले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा, हे त्यांतील पहिल्या तिहींचे सार. यांतील तिसरा सिद्धांत प्रस्तुत विषयाच्या मर्मास स्पर्श करतो. ग्रंथाला पाय नसतात. तो वाचकाकडे जाणार तो ज्याने तो आधी वाचला आहे अशा दुसऱ्या वाचकाच्याच हातून.

बडोदे संस्थानचे अधिपती सयाजीराव गायकवाड यांनी हे तत्त्व प्रत्यक्षात आणले होते. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास प्रारंभ केला. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्यांत पाठविणारी फिरती ग्रंथालये सुरू झाली. गावकऱ्यांनी जितकी रक्कम जमवावी तितकीच प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने द्यावी, अशी त्या योजनेची घडी होती. गावाने स्वतःचा वाटा उचलल्यामुळे ग्रंथालय हे सरकारी दान न राहता गावाचे झाले. ग्रामपंचायतींनी आजही विचारात घ्यावी अशी ही घडी आहे.

वर्गणीतून ग्रंथालय

अल्प पैशात पुस्तकांची देवाणघेवाण कशी होऊ शकते, याचे मार्मिक दर्शन गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात घडते. १९३० च्या दशकात लिहिल्या गेलेल्या या पुस्तकातील शिक्षक प्राथमिक शाळेच्या एका वर्गात प्रयोग करतो. तो पहिल्याने शिकवीत नाही. तो गोष्ट सांगतो. मुलांना गोष्टीची गोडी लागल्यावर, प्रत्येकाने तेच तेच पाठ्यपुस्तक विकत घेण्याऐवजी त्या पैशांतून निरनिराळी पुस्तके आणावीत आणि ती सर्वांनी मिळून वाचावीत, असा मार्ग तो काढतो. आज पाठ्यपुस्तके अनेक मुलांना विनामूल्य मिळतात, त्यामुळे तो मार्ग जसाच्या तसा अवलंबिण्याचे कारण उरलेले नाही. परंतु त्यामागील हिशोब आजही तितकाच खरा आहे. तीस मुलांनी एकेक पुस्तक आणले, तर प्रत्येकास तीस पुस्तके वाचावयास मिळतात. वाटल्याने न घटता वाढणारी अशी संपत्ती दुसरी नाही.

साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. भारतातील कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत संपते. त्यामुळे २०११ पासून त्यांची पुस्तके कोणाही प्रकाशकास छापता येतात आणि अल्प मोलाच्या आवृत्त्या उपलब्ध होतात. एखाद्या पंचायतीने किंवा तरुण मंडळाने गणेशोत्सवाच्या वर्गणीतील लहानसा भाग बाजूस काढला, तरी एका पुस्तकाच्या पंचवीस प्रती घेता येतील. पंचवीस मुलांनी एकाच आठवड्यात एकच पुस्तक वाचावे आणि मग त्यावर भांडावे, यासारखी वाचनाची दुसरी शाळा नाही.

बैठकीची रीत

वाचकांची बैठक भरविण्यासाठी फार मोठ्या तयारीची गरज नसते. शाळेचा ओटा, देवळाचा पार, पंचायतीचे सभागृह यांपैकी कोणतीही जागा चालते. बारा-पंधरा माणसे पुरेशी होतात. त्यांत मुले, शिक्षक, शेतकरी, अंगणवाडी सेविका, निवृत्त झालेली मंडळी सर्वांनी असावे. प्रत्येक बैठकीत तिघांनी आपापल्या आवडीचे एकेक पुस्तक आणावे, त्याविषयी पाच मिनिटे बोलावे आणि एक पान वाचावे. लेखकाचा जीवनपट सांगण्यात वेळ दवडू नये. हे पुस्तक कधी हाती आले, त्यातील कोणते माणूस अजून लक्षात आहे आणि ते का, एवढे सांगितले तरी पुरे. बैठक संपताना ती तिन्ही पुस्तके दुसऱ्या कोणाच्या तरी घरी गेली पाहिजेत आणि त्याची नोंद साध्या वहीत झाली पाहिजे. भाषण करणारे पाहुणे, हारतुरे आणि आभारप्रदर्शन यांना येथे फाटा द्यावा. मुलाने एखादे पुस्तक आवडले नाही असे सांगितले, तर त्याचे बोलणे आदराने ऐकून घ्यावे. नावडीचे कारण सांगता येणे हीदेखील वाचनातील प्रगतीच होय.

प्रौढांच्या बैठकीत कोणती पुस्तके यावीत, हे ज्याने त्याने ठरवावयाचे आहे. तरीही काहींचा निर्देश करणे उपयुक्त ठरेल. व्यंकटेश माडगूळकर यांची १९५५ मधील ‘बनगरवाडी’ ही कादंबरी औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर नेमल्या गेलेल्या तरुण मास्तराची कथा सांगते. शाळा भरविण्याआधी गाव समजून घ्यावे लागते, हे प्रत्येक नवनियुक्त शिक्षकास आणि ग्रामसेवकास त्यातून उमगावे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ औपचारिक शिक्षण जेमतेम लाभलेली स्त्री किती निर्मळ आणि विनोदी गद्य लिहू शकते याची साक्ष देतात. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ वरसईच्या एका भिक्षुकाने १८५७ च्या धामधुमीत पाहिलेला उत्तर हिंदुस्थान उभा करतो. वीणा गवाणकर यांचे १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘एक होता कार्व्हर’ गुलामीत जन्मलेल्या आणि नापीक जमिनीला जीव देणाऱ्या कृषिशास्त्रज्ञाची कहाणी सांगते. ती कोरडवाहू शेती करणाऱ्या गावात वाचली गेली, तर तिला वेगळाच अर्थ येतो. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ही मराठीत उपलब्ध आहे. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा आणि मुलाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारे तिचे मुख्याध्यापक यांची ती सत्यकथा प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी वाचावी.

चाललेले प्रयत्न

अशा देवाणघेवाणीचे प्रयत्न राज्यात अनेक ठिकाणी चालू आहेत. सातारा जिल्ह्यात पाचगणीनजीकचे भिलार हे स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून वाचकांना खुले झाले. तेथील गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरांत पुस्तकांना जागा दिली आणि अनोळखी वाचकांसाठी दारे उघडी ठेवली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत पोहोचविल्या जातात आणि काही काळाने त्या एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जातात. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. या सर्व उपक्रमांचे यश एकाच कसोटीवर ठरावयाचे आहे. पेटी पोहोचली की नाही, दिवस साजरा झाला की नाही, ही ती कसोटी नव्हे. पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात गेले की नाही, ही ती कसोटी होय.

या कसोटीकडे दुर्लक्ष झाल्यास हानी होते ती मुलांची. मूल अक्षर ओळखू लागते, शब्द वाचू लागते. परंतु धड्याबाहेर वाचण्याजोगे काहीच हाती न आल्यास मोठ्या कष्टाने मिळविलेले ते कौशल्य गंजू लागते. शाळा सुटल्यानंतर काही वर्षांनी सही करण्यापुरतीच साक्षरता शिल्लक राहिलेली माणसे गावोगाव भेटतात. त्यांना कोणी शिकविले नाही असे नाही. त्यांच्या हाती कोणी पुस्तक दिले नाही. अर्ज दुसऱ्याकडून वाचून घेणारा आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तावर न वाचता अंगठा किंवा सही करणारा नागरिक आपल्या हक्कांचे रक्षण करू शकत नाही. गोष्टीच्या पुस्तकाचा आणि पंचायत राज्याचा संबंध तो हाच. ज्याला वाचनाची गोडी लागली, तोच पुढे नियम, ठराव आणि जमाखर्च वाचण्याचा कंटाळा करीत नाही.

म्हणून येथे जमलेल्या प्रत्येकाने आपल्या बालपणीचे एक पुस्तक आठवावे आणि ज्यांच्या बालपणी पुस्तक नव्हते त्यांनी ऐकलेली एक गोष्ट आठवावी. ते पुस्तक माळ्यावर असेल तर खाली उतरवावे, झटकून त्याला नवे वेष्टन घालावे आणि येत्या आठवड्यात गावातील एखाद्या मुलाला त्यातील एक पान वाचून दाखवून ते त्याच्या हाती द्यावे. ते परत येताना कडा मळलेल्या असतील, एखादे पान दुमडलेले असेल. त्याबद्दल रागावू नये. त्या मुलाने ते पुढे कोणाला दिले, एवढेच विचारावे.